रविवारची पंगत

माझा मुलगा ज्या पाळणाघरात जातो ते शुक्रवारी बंद असतं आणि रविवारी चालू. भिवंडीबाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं. पण इथे लूमची, म्हणजे यंत्रमागांची, सुट्टी शुक्रवारी, म्हणून लूमवाल्यांच्या पोरांचं पाळणाघरही शुक्रवारीच बंद. मी लूमवर नाही, गोडाऊनमध्ये कामाला आहे, आणि आमच्या गोडाऊनची सुट्टी रविवारी. त्यामुळे शुक्रवारी पोराला कुठे ठेवायचं हा दर आठवड्याचा घोर, आणि रविवारी पाळणाघर चालू असूनही आम्ही दोघं घरी. शुक्रवारी मी त्याला दिघाशीला माहेरी टाकून येते. रोज तसं जमत नाही. एक तर लांब, आणि रोज गेले तर भावजय तोंड वाकडं करेल, करायलाच पाहिजे तिने.

ही कटकट मी गावात कोणाला सांगू शकत नव्हते. ती सांगायची तर पोरगा पाळणाघरात जातो हे आधी सांगावं लागलं असतं. गावात मी सांगितलं होतं की तो कल्याणला प्लेस्कूलला जातो. इंग्लिश मीडियम.

आमचं गाव कल्याणच्या वाटेवर, कोन गावाच्या अलीकडे. सासरे गेले तेव्हा भातशेतीच्या जागी गोडाऊनं उभी राहिली होती आणि दोन्ही भावांना आपापला वाटा मिळाला होता. मोठ्या दिरांनी गाळे बांधले, भाड्याने दिले, आणि आता ते सकाळी आरामात चहा पितात. माझ्या नवऱ्याने ट्रेलर घेतले. ट्रेलर गेले. कसे गेले हे मी इथे सांगत बसणार नाही, त्या गोष्टीने माझं डोकं अजून फिरतं. आज तो दुसऱ्याचा ट्रेलर चालवतो आणि महिन्यातले बरेच दिवस गुजरातच्या रस्त्यावर असतो. आमचा बंगला मात्र तसाच आहे. गेटवर दोन सिंह, हॉलमध्ये झुंबर, आणि सकाळी त्या सिंहांच्या मधून मी डबा घेऊन, तोंडाला ओढणी गुंडाळून, स्कूटीवर पोराला पुढे उभा करून निघते. ओढणी धुळीसाठी असते असं मी म्हणते. धूळ असतेही.

ज्या गोडाऊनमध्ये मी खोक्यांवरचे कोड स्कॅन करते ते आमच्याच तालुक्यातल्या कोणाच्या तरी शेतावर उभं आहे. आमच्या शेतावर नाही एवढंच काय ते सुख.

पाळणाघर एका संस्थेचं आहे. बंद पडलेल्या एका लूमच्या कारखान्यावर दोन मोठ्या खोल्या, लोखंडी जिना, खाली आजूबाजूला चालू कारखाने. तिथे येणारी मुलं लूमवर सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांची, धुणीभांडीवाल्यांची, आणि आता आम्हा गोडाऊनवाल्यांची. कोणी यूपीचे, कोणी तेलंगणाचे, कोणी इथलेच. तान्ह्यांसाठी लूमच्या कोऱ्या कापडाच्या झोळ्या टांगलेल्या असतात, आणि लूमच्या खडखडाटात ती पोरं इतकी गाढ झोपतात की आपल्याला हेवा वाटावा. लाइट गेली की मात्र सगळी एकदम जागी होतात. खडखडाट थांबला की त्यांची झोप मोडते.

सगळं पाळणाघर आपा चालवते. ती भिवंडीतल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातली, पन्नाशीची, आवाज असा की गल्लीतल्या टेम्पोवाल्याने गिअर विसरावा. माझ्याशी ती मराठीत बोलते, चिडली की हिंदीत जाते. पहिल्या दिवशी मी पोराला इस्त्रीचा शर्ट, बूट, कानात सोन्याची बाळी अशा थाटात घेऊन गेले. उघड सांगते, मुद्दाम. बाकीच्या बायकांना कळावं की आम्ही त्यातले नाही, वेळ आली म्हणून आलो. आपाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"लग्नाला आणलाय काय?" ती म्हणाली. "ती बाळी काढ आधी. आणि हे घाल त्याला."

हे म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचं सैल झबलं. कारखान्यांतून उरलेलं कापड येतं, त्याची तिने सगळ्या मुलांसाठी एकसारखी झबली शिवून ठेवलेली. कपड्यांवरून पोरांत भेद नको म्हणून. मी हो हो म्हटलं आणि जिना उतरताना मला रडू आलं. पोराला सोडल्याचं नाही. त्या झबल्यात तो इतरांसारखाच दिसायला लागला, त्याचं.

आणि पोरगा तिथे आठवड्याभरात रमला. हाताने जेवायला शिकला, झोपायला शिकला, तेलुगूत आकडे मोजायला लागला. घरी माझ्या हातून दोन घास खाताना नखरे करणारा तिथे खिचडी मागून घ्यायचा. मला आनंद व्हायला हवा होता. होतही होता, पण तो कोणाला दाखवायची सोय नव्हती.

खरी पंचाईत त्याच्या जिभेची होती. एका संध्याकाळी सासूबाईंना भेटायला दिरांच्या घरी गेलो तर हा त्यांच्या मांडीवर बसून म्हणतो, "आज्जे, आपाने आज अंडा दिला."

"आपा? कोन रं आपा?" सासूबाई.

"टीचर आहे त्याची," मी घाईने म्हटलं. जाऊबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत मोबाइलमध्ये डोकं घातलं. मी पाठीमागून पोराला चिमटा काढला. तो ओरडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून स्कूटीवर आमची शिकवणी सुरू झाली. तो पुढे उभा, मी मागून विचारायचं.

"काकीने विचारलं तर काय सांगायचं?"

"स्कूलला जातो."

"आपाचं नाव घ्यायचं?"

"न्हाय."

"आणि तिथे आपल्या गावचं कोणी आलं तर?"

"ओळख न्हाय दाखवायची."

हा शेवटचा प्रश्न मी का घातला ते ऐका. आमच्या भागात एक नवी पद्धत पडली आहे. मुलांचे वाढदिवस हॉलमध्ये धडाक्यात होतातच, पण त्याआधी एक फेरी आश्रमात नाहीतर बालवाडीत मारायची. बॅनर लावायचं, केक कापायचा, पोरांना रांगेत बसवून खाऊ वाटायचा, फोटो स्टेटसला टाकायचे. खाली लिहायचं, सामाजिक बांधिलकी. मीही माझ्या पोराच्या पहिल्या वाढदिवसाला एका आश्रमात हे केलेलं आहे, भरजरी साडी नेसून. रांगेतल्या एकाही मुलाचा चेहरा मला आज आठवत नाही. ही मंडळी येतात ती रविवारी, कारण त्यांच्या पोरांना शाळेची सुट्टी असते. आणि रविवारी माझा मुलगा घरी असतो. म्हणून मी निर्धास्त होते. शिकवून ठेवलेलं आपलं असावं म्हणून.

तो पोपटासारखा उत्तरं द्यायचा. चुकला नाही की मी त्याच्या डोक्यावर पापा द्यायची आणि म्हणायची, शाब्बास. त्याला तो खेळ आवडायला लागला. पुढेपुढे मी विसरले तर तोच म्हणायचा, "मम्मी, विचार ना."

मग गेल्या दिवाळीच्या आधी गोडाऊनमध्ये सेल लागला. सेल म्हणजे ऑनलाइन कंपन्यांचा, आमची कंबर मोडणारा. सगळ्यांना रविवारची ड्युटी. नवरा वापीला. मी मुकाट्याने पोराला रविवारी पाळणाघरात सोडलं. तो खुश, त्याला घरी करमतच नव्हतं.

गोडाऊनमध्ये मोबाइल लॉकरमध्ये ठेवावे लागतात. चहाच्या सुट्टीत मी माझा उघडला तर घरच्या ग्रुपवर जाऊबाईंचा मेसेज. त्यांच्या मुलाचा सातवा वाढदिवस मला ठाऊक होता, संध्याकाळी हॉलवर जायचंच होतं. पण वर आणखी एक ओळ होती. त्याआधी गरीब मुलांसोबत केक कापणार, घरच्यांनी वेळेवर यावे. आणि सोबत पत्ता. तोच लोखंडी जिना, तीच गल्ली.

मी चहा तसाच ठेवला. सुपरवायझरला म्हटलं, बच्चे को बुखार है. तो म्हणाला, "मॅडम, आज सब के बच्चों को बुखार है." पण माझा चेहरा पाहून त्याने जाऊ दिलं.

कंटेनरच्या रांगांतून स्कूटी कशी काढली ते मला सांगता येणार नाही. डोक्यात एकच, त्यांच्या आधी पोचायचं आणि पोराला मागच्या खोलीतून उचलायचं. पोराला काही होईल अशी भीती नव्हती, खाऊच मिळणार होता त्याला. भीती माझी होती. रात्री हॉलवर सगळ्या गावासमोर कोणीतरी म्हणणार, तुझा पोऱ्या तर त्या रांगेत होता. या एका वाक्यासाठी मी ट्रकच्या पोटाखालून जायला तयार होते.

पोचले तेव्हा गल्लीत दिरांची मोठी गाडी उभी होती.

मी जिना चढले आणि वरच्या पायरीवर, जिथे चपलांचा ढीग असतो, तिथे थांबले. दार अर्धं उघडं होतं. मुलं भिंतीकडे पाठ करून पंगतीत बसली होती, सगळी पट्ट्यांच्या झबल्यात. समोर बॅनर, त्यावर पुतण्याचा गॉगल लावलेला फोटो, खाली मोठ्या अक्षरांत, गरीब व अनाथ मुलांसमवेत. आणि आपा कमरेवर हात ठेवून बॅनरसमोर.

"ये अनाथ किसने लिखा?" ती विचारत होती. "सब के माँ-बाप जिंदा हैं. ड्युटी पे हैं."

"अवो, बॅनरवाल्याकडं तसंच छापून येतं," जाऊबाई हसत म्हणाल्या. "आमी कं वाचतो का?"

"मग वाचा ना," आपा म्हणाली, आणि स्वतःच पुढे होऊन त्या शब्दावर एक फुगा चिकटवला.

मी तेव्हा आत जायला हवं होतं. दोन पावलं होती. आत जाऊन म्हणायचं, ताई, हा बघा आपला इथेच असतो, मी कामाला जाते ना. जग बुडालं नसतं. जाऊबाई वाईट नाहीत. गर्विष्ठ आहेत, पण मी कमी होते का? मी दाराच्या आड सरकले आणि चपलांकडे बघत राहिले.

केक कापला. पुतण्या पंगतीसमोरून खाऊची पाकिटं वाटत निघाला, शेजारी जाऊबाई, पुढे कोणीतरी मोबाइल धरून शूटिंग करत. प्रत्येक मूल पाकीट घेऊन, आपाने शिकवल्याप्रमाणे, थँक्यू दादा म्हणत होतं. माझा मुलगा शेवटून तिसरा. त्याने त्यांना केव्हाच पाहिलं असणार. घरी दादा दिसला की हा धावत जाऊन त्याच्या पाठीवर चढतो. इथे तो मांडी घालून सरळ बसला होता, नजर खाली, एकदम शहाण्यासारखा.

तेवढ्यात लाइट गेली आणि बंद खिडक्यांच्या त्या खोलीत अंधार झाला. खालचे लूम थांबले, गल्ली चिडीचूप झाली, झोळीतली तान्ही रडायला लागली आणि आपा तिकडे धावली. कोणीतरी मोबाइलची टॉर्च लावली. त्या उजेडात पुतण्या माझ्या मुलासमोर येऊन थांबला.

"मम्मी! ह्यो तर आपला बारक्या हाय!"

टॉर्च तशीच माझ्या मुलाच्या तोंडावर राहिली.

"बारक्या, तू हितं कं करतोस?"

"मी बारक्या न्हाय," माझा मुलगा म्हणाला. स्पष्ट, न अडखळता. मग पाकिटासाठी दोन्ही हात पुढे केले. "थँक्यू दादा."

पुतण्या आईकडे बघायला लागला. जाऊबाई वाकल्या. अंधारात मला त्यांचा चेहरा दिसला नाही. त्यांनी पोराच्या हातात पाकीट दिलं, आणि वाटलं की क्षणभर त्यांचा हात त्याच्या केसांवर थांबला. मग त्या ताठ होऊन म्हणाल्या, "दिसतो तसाच. चल पुढं, पोरं वाट बघतात." आणि शूटिंग करणाऱ्याला म्हणाल्या, "बंद कर रे ते, अंधारात कं दिसतं?"

मी चोरासारखी जिना उतरले आणि समोर उभ्या असलेल्या टेम्पोच्या मागे जाऊन लपले. माझ्याच जावेपासून, भर गल्लीत, गोडाऊनचं ओळखपत्र गळ्यात लटकवून. टेम्पोवाला बघत होता. त्याला काय वाटलं असेल ते वाटो.

थोड्या वेळाने ते सगळे खाली आले. दीर गाडी वळवत होते. माझी स्कूटी जिन्याच्या तोंडाशीच होती, घाईत तशीच लावलेली, हँडलला माझी ओळखीची लाल पिशवी. जाऊबाई तिच्यापाशी थांबल्या. इकडेतिकडे मुळीच बघितलं नाही त्यांनी. हातातला केकचा डबा स्कूटीच्या पायाजवळच्या जागेवर ठेवला, नीट आत सरकवला, आणि गाडीत जाऊन बसल्या. त्यांनी मला वाचवलं की आपल्या घराला, हे मी आजवर विचारलेलं नाही. त्याही बोललेल्या नाहीत. भेटलो की आम्ही दोघी हळदीच्या साड्यांवर बोलतो. पण त्या दिवशी टेम्पोमागे उभं राहून मला जी लाज वाटली ती गरिबीची नव्हती. इतके दिवस मी ज्या बाईला घाबरून पोराकडून खोटं पाठ करून घेत होते, तिला एका क्षणात कळलं आणि तिने झाकूनही घेतलं. आणि मी, त्याची जन्मदाती आई, दाराआड.

मी वर गेले. लाइट आली होती, लूम सुरू झाले होते. आपा एका तान्ह्याला खांद्यावर थोपटत होती.

"केव्हाची आलीस?" तिने विचारलं.

"आत्ताच."

"आत्ताच," ती म्हणाली. तिने माझ्या पायांकडे पाहिलं. मी चप्पल बाहेर काढायला विसरले होते. "तो वाढदिवसाचा मुलगा तुझ्या नात्यातला होता काय?"

मी मान हलवली. हो की नाही ते मलाही कळलं नसेल अशी हलवली.

आपा चिडली की हिंदीत जाते, पण तेव्हा ती मराठीतच बोलली, आणि हळू. "बाकीच्यांनी पाकिटं लगेच फोडली. तुझा घेऊन बसलाय. मी विचारलं, खात का नाहीस? तर म्हणतो, मम्मी आल्यावर." मग ती तान्ह्याला घेऊन मागच्या खोलीत गेली. आणखी बोलली असती तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

पोरगा कोपऱ्यात बसला होता, पाकीट मांडीवर. मला बघून उठला, पण नेहमीसारखा धावला नाही. आधी दाराकडे पाहिलं, कोणी आहे का. मग जवळ येऊन माझी ओढणी ओढली, म्हणजे मी वाकावं. मी खाली बसले. तो कानाशी आला.

"मम्मी, काकी आयली होती," तो कुजबुजला. "दादा पण. मी ओळख न्हाय दाखवली."

मी त्याच्या झबल्याची बाही सरळ केली.

"दादा बोलला तू बारक्या हाय. मी बोललो न्हाय." तो मागे झाला आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागला. "बरोबर बोललो ना?"

खोटं बोलल्याची भीती त्याच्या चेहऱ्यावर औषधालाही नव्हती. अवघड प्रश्न आला होता, त्याचं उत्तर चुकलं नव्हतं, आणि आता तो त्याच्या बक्षिसासाठी थांबला होता. मला त्याला सांगायचं होतं की चुकलं, बाळा, माझं चुकलं, तू बारक्याच आहेस, तू धावत जाऊन दादाच्या पाठीवर चढायला हवं होतंस. पण पलीकडे दोन आया आपापल्या पोरांना बूट घालत होत्या, त्यातली एक माझ्याच गोडाऊनची होती, आणि ती ऐकत होती.

मी त्याच्या डोक्यावर पापा दिला आणि म्हटलं, "शाब्बास."

मग कुठे त्याने पाकीट फोडलं.